गाव शहरात गेलं, मत मागे राहिलं

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारनं अधिसूचना काढली आणि पुण्याभोवतीची तेवीस गावं महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, पिसोळी, मांजरी बुद्रुक, वाघोली ही त्यातली काही. महापालिकेचं क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि हद्दीच्या हिशेबानं पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. चर्चा त्या आकड्याची झाली. या गावांतल्या ग्रामपंचायती त्याबरोबर संपल्या, सरपंच गेले, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतला सदस्य गेला, आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही, याची चर्चा फारशी झाली नाही.

महापालिकेत तेव्हा बसलेले नगरसेवक फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आले होते. त्या निवडणुकीत ही गावं मतदारच नव्हती. पुढे १४ मार्च २०२२ ला त्या नगरसेवकांचीही मुदत संपली आणि प्रशासक आले. या गावांतल्या माणसांनी नगरसेवकासाठी पहिल्यांदा मत दिलं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेचार वर्षं त्यांनी खासदार निवडला, आमदार निवडला. पण नळाला पाणी का येत नाही, ओढ्यावर भराव कोणी घातला, कचऱ्याची गाडी किती दिवसांनी येणार, हे ज्याला बोलावून विचारावं आणि पुढच्या निवडणुकीत ज्याला पाडावं, असा एकही माणूस त्यांच्याकडे नव्हता.

हद्दवाढीच्या दिवशी हक्काच्या मताची ही जी दरी पडते, ती पडूच द्यायची नाही, एवढंच मला या लेखात मागायचं आहे. ही मागणी छोटी वाटेल. पण लोकसंख्या, शहरांची वाढ आणि संघराज्य या मोठ्या शब्दांची खरी परीक्षा याच दरीत होते, असं मला वाटतं.

जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात गिलॅन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही जण दगावले. रुग्णांचा मोठा गट सिंहगड रस्त्याच्या टोकाला होता: नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि आसपास. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं. तेव्हा उरलेल्या पुण्याला समजलं, की या पट्ट्यातल्या गावांना शुद्धीकरण केंद्रातलं पाणी मिळतच नाही. विहिरीतलं पाणी, त्यात क्लोरिन, आणि तेच नळाला. खडकवासल्याचं धरण उशाला असलेल्या गावांची ही अवस्था होती.

नगरसेवक असता तर आजार टळला असता, असं मी म्हणणार नाही. जिवाणूंना निवडणूक कळत नाही. पण ज्या वस्तीचा माणूस सभागृहात बसतो, त्या वस्तीची विहीर साडेतीन वर्षं कोणाच्याच नजरेस पडत नाही, असं सहसा होत नाही. तो दुसऱ्या प्रभागाचा निधी आपल्याकडे ओढतो, मुख्य सभेत आरडाओरडा करतो, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला फोन करून भंडावतो. शहर चालतं ते अशा भंडावण्यावर. प्रशासकाच्या काळात ही सगळी यंत्रणाच बंद होती. अधिकारी कितीही चांगला असला, तरी त्याची पुढची नेमणूक किरकटवाडीतून ठरत नाही.

गुंता एवढ्यावर थांबत नाही. गावं महापालिकेत आली, पण जुलै २०२१ मध्ये सरकारनं त्यांच्या विकास आराखड्याचं आणि नियोजनाचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं. नळ, गटार, कचरा आणि पथदिवे महापालिकेनं पाहायचे. इमारतींना परवानगी मात्र दुसऱ्यानं द्यायची आणि त्याचं शुल्कही त्याच्याकडेच जायचं. वीस मजली इमारत उभी करायला ज्याची सही लागते, त्याला तिचं सांडपाणी कुठे जाणार याची चिंता करावी लागत नाही, अशी ही रचना. या प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात. म्हणजे सूस-म्हाळुंग्याच्या माणसाला आपल्या गल्लीच्या नियोजनाबद्दल जाब विचारायचा, तर राज्याच्या प्रमुखालाच विचारावा लागतो. तो कसा विचारणार?

हे सारं नियमाला धरूनच घडलं, आणि खरी अडचण तिथेच आहे. १९९२ साली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, १ जून १९९३ पासून ती लागू आहे. तिच्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम २४३-यू ठामपणे सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि निवडणूक मुदत संपण्याआधी झालीच पाहिजे. कलम २४३-डब्ल्यू मात्र म्हणतं की राज्याचं विधिमंडळ नगरपालिकांना अधिकार देऊ शकेल. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत, नगरनियोजन आणि पाणीपुरवठ्यापासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंत. ते द्यायचे की नाही, किती आणि कधी द्यायचे, हे राज्यावर सोडलेलं आहे. घटनाकारांनी सातव्या अनुसूचीत स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्यसूचीत घातला होता, आणि दुरुस्तीनंही तो तिथेच ठेवला. निवडणूक घ्यायला राज्य बांधलेलं आहे, अधिकार द्यायला नाही. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रानं जे बांधलेलं होतं तेही पाळलं नाही.

छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईच्या महापालिकांची मुदत २०२०च्या उन्हाळ्यात संपली. मुंबई आणि पुण्याची मार्च २०२२ मध्ये. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तो प्रशासनानंच मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला. एकाही निवडून आलेल्या माणसाला त्यात हात वर करून हरकत घेता आली नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करा असा आदेश दिला, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, आणि तेव्हा कुठे २९ महापालिकांचं मतदान झालं.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ओबीसी आरक्षणाचा खटला होता, सरकार काय करणार? हे उत्तर मी हलक्यानं घेत नाही. ओबीसींना जागा मिळाल्याच पाहिजेत, त्यांच्याशिवाय झालेली निवडणूक अपुरी राहिली असती, असं माझंही मत आहे. पण कालक्रम पाहू. समर्पित आयोग नेमा, मागासलेपणाची माहिती गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा, ही तिहेरी अट घटनापीठानं २०१० मध्ये घातली. महाराष्ट्राचं आरक्षण त्या अटीवर अडलं मार्च २०२१ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत राज्यात सगळ्या मोठ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. एकानंही ती माहिती गोळा केली नाही. ती माहिती गोळा करायला नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला तो जुलै २०२२ मध्ये, न्यायालयानं दार लावल्यावर. ओबीसींचं नुकसान आणि शहरांचं नुकसान एकाच आळसातून झालं. हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आणि दिरंगाई केवळ आरक्षणाची नव्हती. २०१७ मध्ये चार सदस्यांचा प्रभाग होता. मग एक सदस्याचा करायचं ठरलं, मग तीनचा, मग पुन्हा चारचा. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. हद्द कुठे आखायची हे ज्याला त्या हद्दीतून जिंकायचं आहे त्यानंच ठरवायचं, याहून उघड हितसंबंध कोणता? केरळमध्ये प्रभागरचनेचं काम राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचा आयोग करतो. तिथे १९९५ पासून दर पाच वर्षांनी स्थानिक निवडणुका होतात. डिसेंबर २०२० मध्ये कोविडची साथ असतानाही झाल्या, डिसेंबर २०२५ मध्येही झाल्या. तिथल्या आरक्षणाची गणितं वेगळी आहेत, हे मान्य. पण संविधान तेच आहे आणि सर्वोच्च न्यायालयही तेच.

आता लोकसंख्येकडे येऊ, कारण सध्या देशात वाद त्यावरच पेटला आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर ती नव्यानं होऊ शकते. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचा आवाज कमी होणार का, ही दक्षिणेची भीती रास्त आहे. महाराष्ट्रातही आपल्या ४८ जागांचं काय होणार यावर बोललं जातं. जीएसटीत आपला वाटा किती, दिल्ली आपल्याला किती परत देते, यावर आपले नेते तावातावानं बोलतात, आणि बोललंच पाहिजे. संघराज्य म्हणजे वरच्यानं खालच्याला मान देणं, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

पण दिल्लीकडून जो मान महाराष्ट्र मागतो, तो महाराष्ट्र स्वतः आपल्या शहरांना देतो का? २०११च्या जनगणनेत राज्यातली ४५ टक्के माणसं शहरांत राहत होती, पाच कोटींहून अधिक. या शहरांचा स्वतःचा मोठा कर जकात होता. पुण्यात २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं. कायद्यात तिची वाढ दरवर्षी आठ टक्के बांधून दिली आहे. शहर कितीही वेगानं वाढो, व्यापार कितीही फोफावो, आठ टक्के. हातात उरला तो मिळकतकर आणि बांधकामाचं शुल्क. जीएसटीपोटी केंद्रानं राज्यांना दिलेल्या पाच वर्षांच्या भरपाईनंतर राज्यांचं काय, असं आपण दिल्लीला विचारलं होतं. पुण्याला किंवा नाशिकला तोच प्रश्न राज्याला विचारायची जागाच नाही.

आणि माणसं मोजायची कशी? २०२१ची जनगणना झालीच नाही. पुण्याच्या ४१ प्रभागांची आणि १६५ जागांची रचना २०११च्या आकड्यांवर झाली. समाविष्ट गावं धरून तेव्हाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख. २०२६च्या निवडणुकीत नुसते मतदारच ३५ लाखांच्या घरात होते. म्हणजे शाळेत जाणारी सगळी मुलं या शहराच्या हिशेबातून गळाली आहेत, आणि पाण्याची टाकी मात्र त्यांच्यासाठीही बांधायची आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यावर पुण्याइतकाच हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. शहराचा कोटा माणशी लिटरच्या हिशेबानं ठरतो, आणि पाटबंधारे खातं व महापालिका यांचं भांडण शहरात माणसं किती यावरूनच होतं. दौंडचा शेतकरी म्हणतो, पुणेकर पाणी उधळतात. मांजरीतला माणूस म्हणतो, आम्हाला टँकर घ्यावा लागतो. दोघंही खरं बोलत आहेत. त्यांना एका टेबलावर बसवण्यासाठी घटनेनं कलम २४३-झेडई मध्ये महानगर नियोजन समिती सांगितली, जिच्यातले किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि ग्रामपंचायतींच्या प्रमुखांनी आपल्यातून निवडायचे. नगरसेवकच नसतील तर त्या समितीत शहराकडून कोण बसणार?

हद्दवाढीला माझा विरोध नाही. ग्रामपंचायतीचं राज्य हा काही सुवर्णकाळ नव्हता. रस्त्याला जागा न सोडता परवानग्या दिल्या गेल्या, गुंठेवारी वाढली, ओढे बुजले, आणि त्यात गावकारभाऱ्यांचाही हात होता. गावांतल्या कित्येक माणसांनीच आम्हाला महापालिकेत घ्या म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, न्यायालयात गेले. पंधरा-वीस मजल्यांच्या इमारतींचं सांडपाणी एका ग्रामसेवकाच्या कार्यालयातून हाताळता येत नाही, हे कोणालाही दिसत होतं. पण म्हणूनच त्यांना मिळालेली वागणूक अधिक बोचते. ज्यांनी विश्वासानं दार ठोठावलं त्यांना आत घेतलं, आणि आत आल्यावर बोलायला जागा दिली नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं काय झालं पाहा. शहराचा कचरा ज्यांच्या उशाशी वर्षानुवर्षं येऊन पडत होता ती ही गावं. २०१७ मध्ये महापालिकेत घेतली गेली, आणि काही वर्षांतच बाहेर पडून आपली वेगळी नगरपरिषद झालेली बरी, इथवर तिथलं जनमत गेलं. २०२४ मध्ये ती झालीही.

फुरसुंगी-उरुळी धरून २०१७ला आलेल्या अकरा गावांसाठी २०१९ मध्ये निवडणूक झाली होती, हे मुद्दाम नोंदवतो. अकरा गावांतून मिळून दोन नगरसेवक. संख्या तुटपुंजी होती, दीड वर्षाहून अधिक उशीर झाला होता, पण झाली. म्हणजे मुदतीच्या मध्यात आलेल्या भागाला प्रतिनिधी देता येतो, कायद्यात त्याला वाट आहे. तेवीस गावांच्या वेळी ती वाट कोणी धरली नाही.

लहानपणी मी आजोळच्या गावात ग्रामसभा पाहिली आहे. चावडीसमोर सतरंजी, बायका भिंतीच्या कडेला, आणि एक म्हातारे गृहस्थ दर वेळी तोच स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय काढून उभे राहायचे. तिथे फार मोठे निर्णय होत नसत. पण सरपंचाला त्या म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यावं लागे, सगळ्यांसमोर. ग्रामसभा घटनेत आहे, राज्याच्या कायद्यानं ती वर्षातून किमान चारदा घ्यायची असते. गाव महापालिकेत आलं की ती संपते. शहरासाठी तिच्या जोडीची म्हणून क्षेत्रसभा २००९ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात आली. आपल्या प्रभागात ती शेवटची कधी झाली, हे शेजाऱ्याला विचारून पाहा. चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे ८५ हजार माणसं, तीही पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीची. रस्ता खचला तर चौघांपैकी कोणाचा, हे चौघांनाही ठाऊक नसतं.

याच पुण्यात १८७६ मध्ये महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य झाले. तेही निवडून आलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेनं स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरवलं. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला, म्हणून फुल्यांनी विरोध केला. पारतंत्र्यात, नेमलेल्या माणसांच्या सभेत, हजार रुपयांसाठी एक माणूस उभा राहू शकला. कारण उभं राहायला सभा तरी होती. २०२२ ते २०२६ या काळात स्वतंत्र भारतातल्या त्याच शहराला सभाच नव्हती.

म्हणून कायद्यात एक बदल हवा. गाव महापालिकेत घेण्याची अधिसूचना आणि त्या गावाच्या प्रतिनिधींच्या निवडणुकीची तारीख एकाच वेळी जाहीर व्हावी, आणि निकाल लागेपर्यंत ग्रामपंचायत बरखास्त होऊ नये. निवडणूक खरोखरच अडली, तर तोवर सरपंच आणि पंचांची समिती त्या भागाची प्रभाग समिती म्हणून काम करेल, तिची मंजुरी घेतल्याशिवाय तिथला पैसा खर्च होणार नाही, असं लिहून ठेवावं. नियोजनाचा अधिकारही गावाबरोबरच महापालिकेत यावा. गटार एकाकडे आणि परवानगी दुसऱ्याकडे, हे पुन्हा घडू नये. प्रभाग आखायचं काम निवडणूक आयोगाला परत द्यावं. यातल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. मुंबईतल्या विधानभवनात एका अधिवेशनात हे होऊ शकतं.

आणि वेळ आत्ताच आहे. जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर प्रशासकीय हद्दी गोठवल्या आहेत. मोजणीची संदर्भतारीख १ मार्च २०२७. तोवर एकही नवं गाव कुठल्या महापालिकेत जाऊ शकत नाही. आकडे आले की कागदावर गाव आणि प्रत्यक्षात शहर असलेल्या शेकडो वस्त्या समोर येतील. २००१ ते २०११ या दहा वर्षांतच देशात अशी जनगणना शहरं १,३६२ वरून ३,८९४ झाली होती. पुण्याभोवती, नाशिकभोवती, संभाजीनगरभोवती, नागपूरभोवती पुन्हा हद्दवाढीचे प्रस्ताव निघतील. त्या गावांत आज सरपंच आहे. तो जाण्याआधी त्याच्या जागी कोण येणार, हे या गोठलेल्या महिन्यांत ठरवून घ्यायला हवं.